फाशांनीं घडविलेला शास्त्रज्ञ

गेल्या उन्हाळ्यांत शिकागोजवळ मुलाच्या घरीं मुक्कामाला असतांना माझ्या हातून एका तरुण शास्त्रज्ञाचा मृत्यु घडला. बिचाऱ्यानें पुरती पंचविशीहि गांठली नव्हती. त्याला जन्माला घालून मला पाऊण तासहि झाला नव्हता, आणि त्याच्या मृत्यूची वार्ता ऐकून माझीं दोन्ही नातवंडें टाळ्या पिटून हंसत होतीं. वाचकांनीं घाबरून जाऊं नये. हा सारा प्रकार कागदावर घडला, आणि दोष असलाच तर तो दोन फाशांचा होता.

घर पुण्यास आणि मुलगा परदेशीं, अशा वृद्ध दांपत्याचा तिकडील दिनक्रम बहुतेक वाचकांस स्वानुभवानें नाहीं तर शेजाऱ्यांच्या अनुभवानें तरी ठाऊक असेलच. सकाळीं फिरणें, दुपारीं वाचन आणि संध्याकाळीं घरांतलीं माणसें परत येण्याची वाट पाहणें. शनिवार मात्र निराळा. त्या दिवशीं संध्याकाळीं माझी सतरा वर्षांची नात, तिचा तेरा वर्षांचा भाऊ आणि शेजारचीं दोन मुलें तळघरांतल्या मेजाभोंवतीं जमतात, आणि रात्रीं उशिरापर्यंत त्यांचा एक खेळ चालतो. वरून ऐकणाऱ्याला तो भांडणासारखा वाटतो. त्या शनिवारीं शेजारचा एक मुलगा आईबापांबरोबर प्रवासाला गेला होता. नातू जिन्यावरून ओरडत आला, "आजोबा, एक माणूस कमी आहे, तुम्ही चला." बँकेंतल्या अडतीस वर्षांच्या नोकरींत 'एक माणूस कमी आहे' या वाक्याला मीं कधीं नकार दिला नाहीं. संवय जात नाहीं. मी खालीं गेलों.

या खेळाला पट नाहीं, सोंगट्या नाहींत, हार नाहीं आणि जीतहि नाहीं. प्रत्येकानें एकेक सोंग घ्यावयाचें व एकानें सूत्रधार व्हावयाचें. सूत्रधार प्रसंग सांगतो: अमुक ग्रहावर तुमचें यान उतरलें आहे, बाहेर वादळ सुटलें आहे, दार ठोठावल्याचा आवाज येतो, आतां काय करतां? ज्यानें त्यानें आपल्या सोंगाला शोभेल तें बोलावें, करावें, आणि जेथें यशापयशाची खात्री नाहीं तेथें फासे टाकावे. कोंकणांतले दशावतारी ज्याप्रमाणें कथानक ठरवून घेऊन भाषणें रंगभूमीवरच रचतात, तसाच कांहींसा हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें कथानकहि ठरलेलें नसतें.

अशा सोंगाच्या खेळाचें बाजारांत आलेलें पहिलें पुस्तक म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं रचलेला हा खेळ १९७४ सालीं विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या लहानशा गांवांतून निघाला. त्यांत राक्षस, मांत्रिक आणि तरवारबहाद्दर यांची गर्दी. तीन वर्षांनीं, १९७७ त, इलिनॉयमधल्या नॉर्मल या गांवच्या 'गेम डिझायनर्स वर्कशॉप' नांवाच्या मंडळीनें मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' हा खेळ काढला, आणि मंत्रांच्या जागीं यंत्रें आलीं. गांवाचें नांव ऐकून मला हंसूं आलें खरें. पण तें तेथल्या शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलवरून पडलेलें आहे, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या ट्रेनिंग कॉलेजचें तें भावंडच म्हणावयाचें. काळ्या वेष्टनाच्या तीन लहान पुस्तिका एका पेटींत घातलेल्या, एवढाच तो मूळ ग्रंथ. ती मंडळी १९९६ त बंद झाली, खेळ अद्याप चालू आहे. माझ्या नातीनें त्या पुस्तिका जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पैदा केल्या आहेत, आणि त्यांबरोबर १९७९ सालची एक पुरवणीहि. तींत बारा व्यवसाय दिले आहेत. त्यांत चांचा आहे, वैद्य आहे, उमराव आहे, सरकारी अधिकारी आहे आणि शास्त्रज्ञहि आहे.

मी बँकेंतला म्हणून मुलांनीं मला सरकारी अधिकारी सुचविला. मीं शास्त्रज्ञ मागितला. कां, तें त्या वेळीं माझें मलाहि सांगतां आलें नसतें.

माणूस घडविण्याची रीत अशी. दोन फासे टाकावयाचे व बेरीज लिहावयाची; असें सहा वेळां. सहा आंकड्यांचे सहा अर्थ ठरलेले: बल, चापल्य, दम, बुद्धि, शिक्षण आणि सामाजिक प्रतिष्ठा. दोन फाशांवर सातांची बेरीज छत्तीसांतून सहा वेळां येते, दोन व बारा यांची एकेकदांच. त्यामुळें बहुतेक माणसें बहुतेक बाबतींत मध्यम निघतात, जशीं तीं जगांतहि निघतात. दहांकरितां 'ए', अकरांकरितां 'बी' असें अक्षर घालतात, म्हणजे सगळा मनुष्य सहा अक्षरांत मावतो. आपल्या पत्रिकेला बारा घरें लागतात. इकडे सहांत भागतें. पण पत्रिका पुढें काय होणार तें सांगूं पाहते, आणि हे सहा आंकडे फक्त घरांतून निघतांना पदरीं काय होतें तेवढेंच सांगतात. वरपक्षानें विचार करावा.

त्यानंतर आयुष्य सुरू होतें. माणूस अठरा वर्षांचा असतो. त्यानें व्यवसायाच्या दारावर फासे टाकून प्रवेश मिळवावयाचा, आणि मिळाला म्हणजे चार वर्षांची एक खेप करावयाची. प्रत्येक खेपेला प्रथम जगण्याचे फासे पडतात. ठरलेला आंकडा आला नाहीं तर माणूस मेला. कागद फाडावा आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा. खेळ सुरू होण्यापूर्वींच खेळाडू मरतो असा दुसरा खेळ माझ्या पाहण्यांत नाहीं. पुढच्या काळांत निघालेल्या आवृत्त्यांत हा नियम सौम्य केला आहे, मरणाच्या जागीं अपघात किंवा नोकरींतून उचलबांगडी घातली आहे. पण नात या बाबतींत जुन्या मताची आहे.

माझ्या पहिल्या माणसाला बुद्धीचे बारा पडले. मेजाभोंवतीं वाहवा झाली. नातवानें त्याला तत्काळ पिंजारलेले पांढरे केस, जाड चष्मा आणि ग्रह फोडणारें एक यंत्र देऊं केलें. मेरी शेलीबाईंनीं १८१८ सालीं 'फ्रँकेन्स्टाइन' प्रसिद्ध केल्यापासून कादंबऱ्यांतल्या शास्त्रज्ञाला ही खोड जडली आहे. तो एक तर जगाचा नाश करतो, नाहीं तर शेवटच्या प्रकरणांत तें वांचवितो. मधल्या काळांत त्याला पगार कोण देतें आणि त्याच्या घरचा किराणा कोण भरतें हें कोणी सांगत नाहीं. अर्थात् मी पडलों बँकेंतला माणूस, मला असलींच कुतूहलें. असो. हा बारा बुद्धीचा महापुरुष दुसऱ्याच खेपेला गेला. टाळ्या पडल्या त्या याच वेळीं.

दुसरा माणूस असा निघाला: बल पांच, चापल्य आठ, दम सहा, बुद्धि नऊ, शिक्षण अकरा, प्रतिष्ठा चार. नातू हिरमुसला. "शिकलेला आहे, पण ह्याला कोणी विचारणार नाही," असा त्यानें अभिप्राय दिला.

नातीचा स्वतःचा एक नियम आहे, तो पुस्तिकेंत नाहीं. आयुष्याचे फासे टाकण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या माणसासंबंधीं एका प्रश्नाचें उत्तर लिहून ठेवावयाचें. सैनिक असेल तर तो कोणाला भितो. व्यापारी असेल तर तो कोणाचें देणें लागतो. शास्त्रज्ञाला तिचा प्रश्न असा कीं, त्याला काय जाणून घ्यावयाचें आहे?

"मोठा शोध लावायचाय असं लिहूं नका, आजोबा. सगळे तसंच लिहितात. नक्की काय?"

"पावसाचे थेंब," मी म्हणालों. शब्द तोंडांतून गेल्यावर मग मला कळलें कीं आपण कोणाचें सोंग घेतलें आहे.

माझा थोरला भाऊ, आम्हां सर्वांचा दादा, माझ्याहून सात वर्षांनीं वडील. १९६६ सालीं तो एका सरकारी प्रयोगशाळेंत लागला आणि पावसाच्या थेंबांवर काम करूं लागला. थेंब केवढा असतो तें मोजण्याची एक जुनी व अत्यंत स्वस्त रीत आहे. परातींत बारीक चाळलेलें पीठ इंचभर जाड पसरावें, वर झांकण घालून परात पावसांत न्यावी, दोन-चार सेकंद उघडी धरावी आणि पुन्हा झांकावी. प्रत्येक थेंबाची पिठांत एकेक गोळी होते. त्या गोळ्या वाळवाव्या, निरनिराळ्या चाळण्यांनीं लहानमोठ्या वेगळ्या कराव्या आणि मोजाव्या. केवढ्या थेंबाची केवढी गोळी होते हें ठाऊक मापाचे थेंब सोडून आधींच ठरवून ठेवलेलें असतें. प्रयोगशाळेंत रंग लावलेला टिपकागद व इतर साधनें होतीं. पण पाऊस कचेरीच्या वेळेंतच पडतो असें नाहीं. म्हणून दादानें घरींहि एक परात ठेवली होती. म्हणजे परात आईची आणि पीठहि आईचें.

आम्ही तेव्हां सदाशिव पेठेंत भाड्याच्या चार खोल्यांत राहत होतों, आणि खाणारीं तोंडें अकरा होतीं. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला आहे त्यांना रेशनवरची ती परदेशी तांबडी ज्वारी, मिलो, आठवत असेल. तिची भाकरी थापतां थापतां आईच्या डोळ्यांत पाणी येई, आणि तें चुलीच्या धुरानेंच येई असें नाहीं. त्या वर्षीं पाऊसच नव्हता, त्यामुळें दादाची परात फळीवर उपडी पडून होती. १९७३ चा उन्हाळा संपतां संपतां एके दिवशीं दुपारीं आभाळ दाटून आलें आणि वळीव कोसळला. वाड्यांतलीं सगळीं माणसें अंगणांत धांवलीं. आई हात जोडून उभी राहिली. दादा स्वयंपाकघरांत गेला, रेशनचें पीठ परातींत चाळलें आणि झांकून घेऊन बाहेर आला.

मी चोवीस वर्षांचा होतों. बँकेंत लागून दोन वर्षें झालीं होतीं. माझा पगार दादाहून थोडा अधिक होता, आणि त्याची जाणीव मला थोडी अधिकच होती. ओसरीवर दहापंधरा माणसें असतांना मी म्हणालों, "लोक पावसावर धान्य पिकवतात; आमचा दादा धान्यावर पाऊस पिकवतो."

सगळे हंसले. आईहि हंसली. दादाहि हंसला, आणि परातीवर झांकण घालून आंत गेला. दुसऱ्या दिवसापासून त्यानें घरांतल्या पिठाला हात लावला नाहीं. स्वतःच्या पैशांनीं मैदा आणून जिन्याखालीं एका डब्यांत ठेवूं लागला, आणि पाऊस आला कीं परात घेऊन एकटाच गच्चीवर जाऊं लागला. पुढें मीं निराळें बिऱ्हाड केलें, तो तेथेंच राहिला. नोकरींत वरच्या जागा इतरांना मिळाल्या, त्याला मिळाल्या नाहींत. अठ्ठावन्नाव्या वर्षीं तो निवृत्त झाला. माझें तें वाक्य मात्र आमच्या गोतावळ्यांत टिकून आहे. लग्नकार्यांत पंगतीला पाऊस आला कीं अजूनहि कोणी तरी तें म्हणतें, आणि मग मोठ्या कौतुकानें माझ्याकडे पाहतें.

हें सारें मीं मुलांना सांगितलें नाहीं. 'पावसाचे थेंब' एवढेंच कागदावर लिहिलें. नातीला उत्तर पसंत पडलें. शनीच्या टायटन नांवाच्या चंद्रावर मिथेनचा पाऊस पडतो, हें ती कोठें तरी वाचून बसली होती. तेथें गुरुत्वाकर्षण थोडें आणि हवा दाट, त्यामुळें थेंब जवळजवळ सेंटिमीटरभर मोठे होऊं शकतात आणि सेकंदाला अवघे दीड-पावणेदोन मीटर अशा संथ गतीनें, आपल्याकडे हिम पडतें तसे, उतरतात, असें शास्त्रज्ञांनीं गणितानें काढलें आहे. जानेवारी २००५ मध्यें हायगेन्स हें यान त्या चंद्रावर जाऊन उतरलेंहि आहे. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांपलीकडे माझी अंतराळाची यात्रा कधीं गेली नव्हती. मी ऐकतच राहिलों. आपल्या पृथ्वीवरचा थेंब मात्र पांचसहा मिलिमीटरांहून मोठा होऊं लागला कीं फुटतो, एवढें दादाच्या बोलण्यांतून कधीं काळीं कानांवर पडलेलें होतें, तें मीं तिला सांगितलें.

"बरं, मग तुमच्या माणसाला ह्यांतलं काय शोधायचंय?" ती म्हणाली. "थेंब केवढे असतात तें तर कळलंच."

मी गप्प झालों. ज्या माणसाबरोबर एका घरांत मी लहानाचा मोठा झालों, त्यानें किती पीठ नासलें याचा हिशेब मला तोंडपाठ होता. त्या पिठांत तो काय पाहत होता हें मात्र मीं त्याला एकदांहि विचारलेलें नव्हतें. "तें मागाहून लिहूं," म्हणून मीं वेळ मारून नेली.

फासे पडूं लागले. पहिली खेप पार पडली, दुसरीहि पडली. प्रत्येक खेपेला पदरीं कांहीं विद्या येते. तिच्याकरितां तक्ते दिलेले असतात; कोणत्या तक्त्यावर फासा टाकावयाचा तें तुम्ही ठरवावें, पण त्यांतली ओळ फासा ठरवितो. माझ्या माणसाला संगणक दोनदां आला, विजेचीं यंत्रें एकदां, आणि एका खेपेला, कोणास ठाऊक कां, बंदूक आली. नातवाला ती फार आवडली. मला त्या तक्त्यांची रीतच विलक्षण खरी वाटली. दादानें एम्. एस्सी. ला पदार्थविज्ञान निवडलें, तो त्याचा तक्ता. त्यांत पाऊस यावा ही ओळ कोणी निवडली?

चौतिसाव्या वर्षापासून म्हातारपणाचे फासे सुरू होतात. दर चार वर्षांनीं बल, चापल्य आणि दम यांवर एकेक फेंक, आणि ती चुकली कीं आंकडा घटला. बुद्धीला मात्र सहासष्टाव्या वर्षापर्यंत अभय आहे. हें वाचून दाखवितांना नातवानें माझ्याकडे अशा नजरेनें पाहिलें कीं माझें वय शहात्तर आहे याची सर्वांना आठवण झाली. माझ्या माणसाचें बल पांचाचें चार झालें. मला वाटलें, आतां त्यानें पुरे करावें. पण पुन्हा नोकरींत राहण्याकरितां प्रत्येक खेपेच्या शेवटीं फासे टाकावे लागतात, आणि त्यांवर नेमके बारा पडले तर मनांत असो वा नसो, आणखी एक खेप करावीच लागते. बारा पडले. तो राहिला.

इतर सोंगाच्या खेळांत माणूस कोवळा निघतो आणि पराक्रम करीत करीत वाढत जातो, असें नात सांगत होती. या जुन्या खेळांत तसें नाहीं. एकदां खेळ सुरू झाला कीं अंगीं नवें फारसें कांहीं येत नाहीं. जें व्हावयाचें तें आधींच्या वर्षांत होऊन गेलेलें असतें, आणि विद्येचा प्रत्येक अंक चार वर्षांच्या हप्त्यांनीं विकत घेतलेला असतो. तेव्हां सूज्ञ खेळाडूपुढें प्रत्येक खेपेला एकच प्रश्न उभा असतो: आणखी शिकावें, कीं अंगांत जोर आहे तोंवर बाहेर पडावें? बारा-तेरा वर्षांचीं पोरें हा प्रश्न दाणे खातां खातां सोडवितात. मला तो सोडवितां सोडवितां घाम आला.

अडतिसाव्या वर्षीं माझा माणूस बाहेर पडला. निरोपाच्या वेळीं पुन्हा फासा. त्यावर रोख रक्कम किंवा वस्तु मिळते. शास्त्रज्ञाच्या तक्त्यांत सर्वांत मोठें बक्षीस म्हणजे प्रयोगशाळा असलेलें एक संबंध जहाज, आणि त्याकरितां मुलें श्वास रोधून बसलीं होतीं. आम्हांला थोडी रोख रक्कम आणि हलक्या वर्गाचें एक तिकीट मिळालें. या खेळांत हलक्या वर्गाच्या उतारूला गोठवून निजवितात आणि मुक्कामावर पोंचल्यावर जागा करतात. क्वचित् तो जागा होत नाहीं. मुंबईहून शिकागोपर्यंत विमानाच्या शेवटच्या वर्गांत गुडघे पोटाशीं घेऊन आलेल्या मला ही कल्पना फारशी परकी वाटली नाहीं.

नातीनें पुरा झालेला कागद माझ्यापुढें ठेवला. सहा आंकडे, वय, खेपा, विद्या, रक्कम, तिकीट.

"ह्यानं वीस वर्षांत शोधलं काय, तें कुठं लिहायचं?" मीं विचारलें.

तिनें कागद उलटसुलट करून पाहिला. "त्याला जागाच नाहींये," ती म्हणाली. "तें तुम्ही सांगायचं."

रात्रीं अकरा वाजतां मीं पुण्यास फोन लावला. तेथें सकाळचे साडेनऊ झाले होते. फोन वहिनींनीं घेतला.

"भावजी? इतक्या रात्रीं? सगळं ठीक आहे ना?"

सगळें ठीक आहे अशी त्यांची खात्री पटवून दादाला फोन देववायला पांच मिनिटें लागलीं. त्याला आतां कमी ऐकूं येतें.

"दादा, तूं त्या पिठांत काय शोधत होतास?"

"कुठल्या पिठांत?"

"थेंबांच्या."

इतका वेळ आवाज आला नाहीं कीं मला वाटलें, फोन तुटला. मग तो म्हणाला, "आज कसं काय?" मीं सांगितलें, नातवंडांच्या एका खेळांत लागतें आहे. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला याहून बरें कारण सांगावयाला हवें होतें. पण त्याला तें पुरलें असावें, कारण त्यापुढें चाळीस मिनिटें तो एकटाच बोलत होता.

पर्जन्यमापकांत एक इंच पाऊस आणि एक इंच पाऊस हे दोन्ही सारखेच दिसतात, तो म्हणाला. पण घाटांतल्या जुलैच्या रिमझिमीचा थेंब बारीक असतो आणि वळवाचा मोठा. मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगानें येतो आणि उघड्या जमिनीवर आपटला कीं माती फोडून उडवितो. म्हणजे एक इंच शेत भिजवितो, आणि दुसरा इंच शेतच उचलून नेतो. कोणता इंच कोणता, तें इंच मोजून कळत नाहीं. थेंब मोजावे लागतात.

"तूं बघ, दुष्काळाच्या त्या वर्षानंतर जमिनीवर गवताचं पातं नव्हतं. सगळं उघडं. त्याच्यावर पहिला पाऊस पडणार होता. मला त्या दिवशींचे थेंब हवे होते. तसा दिवस पुन्हा थोडाच येणार?"

"मिळाले का?"

"दोन पराती. दोन परातींवर कांहीं सिद्ध होत नाहीं."

ओसरीवर मी बोललों तेव्हां पाऊस पुष्कळ व्हायचा होता. तो त्यानंतर अर्धा तास पडत होता, हें मला चांगलें आठवतें.

"दादा, त्या दिवशीं मीं तुला..."

"हो, धान्यावर पाऊस पिकवतो," तो म्हणाला. "वाक्य चांगलं जमलं होतं हो तुझं. मी कचेरींतहि सांगितलं होतं." आणि मला पुढें कांहीं बोलूं न देतां तो मैद्याकडे वळला. मैद्याच्या गोळ्या कणकेपेक्षां गोल होतात, म्हणून एका अर्थीं त्यानंतरचीं मोजमापें अधिक नीट झालीं. वर्षानुवर्षांच्या वळवाच्या त्या परातींवर त्यानें दोन लहानसे निबंध लिहिले, ते छापून आले. प्रश्नाचें अर्धें उत्तर मिळालें, अर्धें राहिलें. हें त्यानें अशा स्वरांत सांगितलें कीं जणूं भाजी अर्धीच निवडून झाली आहे. मग त्याला एकाएकीं आठवलें कीं मी अमेरिकेंत आहें.

"व्हरमाँट तुझ्या तिथून किती लांब? तिकडे जेरिको नांवाचं गांव आहे. तिथं बेंटले म्हणून एक शेतकरी होता. हिमाच्या स्फटिकांचीं छायाचित्रं काढायचा, त्यासाठीं तो लोकांना ठाऊक आहे. पण पावसाला पिठाची परात दाखवली ती त्यानं. १९०४ सालीं लिहिलंय. शेजारीपाजारी त्याला चक्रम समजायचे."

व्हरमाँट शिकागोहून पुष्कळ लांब आहे असें मीं सांगितलें. मग त्यानें माझ्या माणसाची चौकशी केली. मीं सहाहि आंकडे वाचून दाखविले. प्रतिष्ठा चार ऐकून तो खोखो हंसला. ग्रह कोणता, असें विचारल्यावर मीं टायटनसारखा म्हणून सांगितलें, मिथेनचा पाऊस सांगितला, उणें १८० अंशांची थंडी सांगितली.

"मग पीठ नको," तो ताबडतोब म्हणाला. "गोळी धरणार नाहीं. मिथेन उडून जाईल. दुसरी कांहीं तरी युक्ति पाहिजे. आणि हें बघ, त्या पोरीला विचार, तिथली जमीन कशाची आहे? थेंब इतका सावकाश पडत असेल तर माती उडणारच नाहीं. मग तिथं ओढे कसे पडतात?"

मीं तो प्रश्न, शब्द न बदलतां, माझ्या माणसाच्या कागदावर सहा आंकड्यांखालीं लिहून ठेवला.

पुढच्या शनिवारीं प्रवासाला गेलेला मुलगा परत आला होता, त्यामुळें माणूस कमी नव्हता. तरी माझी खुर्ची मुलांनीं ठेवली. मेजाच्या मध्यभागीं फोन ठेवला होता. पुण्यास रविवारची पहांट होती आणि दादा चहा घेऊन बसला होता. मागून वहिनींचा आवाज येत होता कीं इतक्या सकाळीं हें काय चाललें आहे. नातीनें दिवा थोडा मंद केला. यान उतरलें होतें. ढग जमले होते, नारिंगी रंगाचे. माझा शास्त्रज्ञ हलक्या वर्गाच्या त्या पेटींतून जिवंत उठेल कीं नाहीं हें आधीं पाहावयाचें होतें. मीं फासे हातांत घोळविले आणि टाकले. ते मेजावर जरा अधिकच वाजले असावेत.

"किती पडले?" दादानें पुण्याहून विचारलें.